नवी चोपडी वाचावयास शिका

(तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शिक्षक व पालक यांच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



सभेच्या चालकांनीं मला विषय दिला आहे तो असा कीं, विद्यापीठांतील गणित व संगणन विभागांत संशोधन तरी कशाकशाचें चालतें, तें आपल्या लोकांना उमजेल अशा भाषेंत सांगावें. विषय ऐकतांच कित्येकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. "आमचें सोयाबीन पाण्यांत आणि मास्तर आम्हांला विद्यापीठाचीं गणितें सांगणार!" असें कोणाच्या मनांत आलें तर त्यांत नवल नाहीं. मी कांहीं प्रोफेसर नव्हें. मराठी ट्रेनिंग कॉलेजांत शिकून पोरांना पाढे आणि त्रैराशिक शिकविणारा मी मास्तर आहें. त्या शास्त्राच्या गाभाऱ्यांत तुम्हांस नेण्याची माझी योग्यता नाहीं. पण त्या घरांत काय शिजतें आणि त्याचा धूर आपल्या घरांत कसा शिरतो, एवढें सांगावयास मास्तर पुरे आहे.

प्रथम १८७५ सालाकडे वळूं. त्या वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी उठले, आणि पाहतां पाहतां तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत गांवोगांव पसरलें. इतिहासांत याला दख्खनचे दंगे म्हणतात. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बहुतेक ठिकाणीं या लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. खतें, रोखे, चोपड्या बाहेर ओढून त्यांनीं त्यांची होळी केली. कां केली? कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांना वाचतां येत नव्हतें. अंगठा आपला, अक्षर दुसऱ्याचें! शंभराचे दीडशें कसे झाले आणि दीडशांचे तीनशें कसे झाले, हें विचारावयास लागणारें गणित त्यांच्यापाशीं नव्हतें. ज्याला चोपडी वाचतां येत नाहीं त्याच्या हातीं काडी ओढणें एवढाच उपाय राहतो. सरकारनें कमिशन नेमलें, १८७९ सालीं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाहि केला. पण हिशेब वाचण्याची दृष्टि कायद्यानें देतां येत नाहीं, ती शाळेंतच यावी लागते. जोतीरावांनीं १८४८ त पुण्यास मुलींची शाळा काढली, १८७३ त सत्यशोधक समाज स्थापिला, १८८३ त 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. या तिन्ही कामांतून ओवलेला धागा हाच आहे.

बंधूंनो, सावकाराची ती लाल चोपडी आज फारशी दिसत नाहीं. तिच्या जागीं नवी चोपडी आली आहे. पीकविम्याचा आंकडा, रेशनचे दाणे, बँकेचें कर्ज, पावसाचा अंदाज, हें सारें आतां यंत्रांतील गणितांतून बाहेर पडतें. ही चोपडी कोणाच्या ओसरीवर ठेवलेली नाहीं, म्हणून ती जाळतांहि येणार नाहीं. ती वाचावयासच शिकलें पाहिजे. आणि तिची लिपि जेथें घडते ती जागा म्हणजे विद्यापीठांतील गणित व संगणन विभाग. त्या विभागाच्या पांच खोल्यांत आपण आज डोकावून पाहूं.

पहिली खोली संख्याशास्त्राची. आभाळाएवढ्या ढिगांतून मूठभर दाणे काढून सबंध ढिगाबद्दल खरें काय तें सांगावें कसें, हा या शास्त्राचा प्रश्न. आपली बाई भाताचें एक शीत चेपून पाहते तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, शीत कोठलें घ्यावें, किती घ्यावींत आणि चूक किती होईल, हें सारें येथें हिशेबानें ठरतें. आतां पीकविम्याकडे पाहा. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ पासून चालू आहे. तींत आपल्या मंडळाचें उत्पन्न किती आलें हें ठरतें तें मुख्यतः पीक-कापणी प्रयोगावर. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें आंकडे काढून गांव निवडावयाचें, त्यांतील शेत निवडावयाचें, शेतांतील तुकडा निवडावयाचा, तो कापून, मळून, वजन करावयाचें. चिठ्ठी कशाला? पुढाऱ्याचें विहिरीखालचें रान निवडलें जाऊं नये आणि कोणाचें मुद्दाम वाळलेलेंहि निवडलें जाऊं नये म्हणून. ती चिठ्ठी म्हणजे गरिबाचा वकील आहे, हें ध्यानांत ठेवा.

मग रक्कम कशी ठरते? मागल्या वर्षांच्या सरासरीवरून एक उंबरठा उत्पन्न ठरवितात. समजा तो उंबरठा एकरीं १० क्विंटल आहे आणि यंदा प्रयोगांत ७ क्विंटल भरले. तूट ३ क्विंटलची, म्हणजे शेंकडा ३०. विम्याची रक्कम ५०,००० रुपये असेल तर १५,००० मिळतील. पण मोजणीच चुकून ७ च्या जागीं ८ क्विंटल लागले तर? तूट शेंकडा २०, आणि हातीं १०,०००. एका क्विंटलाच्या चुकीनें पांच हजार गेले, आणि ते एका शेतकऱ्याचे नव्हे, मंडळांतील प्रत्येकाचे! मोजणींत अशी चूक कां होते याचा शोध ज्यानें लावला तो माणूस सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मला. त्याचें नांव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांनीं १९४६ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षां जास्त दिसतें, कारण कडेवरचीं धाटें कापणाऱ्याच्या हातून आंत ओढलीं जातात. तुकडा लहान असला म्हणजे त्याच्या मानानें कड मोठी, आणि कड मोठी तर चूकहि मोठी. पाहा, विळा कोठें फिरतो याचें हें गणित! आतां २०२३ पासून उपग्रहानें घेतलेल्या चित्रांवरून उत्पन्न अजमावण्याच्या गणितासही कांहीं पिकांच्या बाबतींत जागा मिळाली आहे. तो नवा तुकडा कोणत्या मापाचा आहे आणि त्याची कड किती चुकते, हें विचारणारा सुखात्मे पुन्हां आपल्याच खेड्यांतून निघावयास नको काय?

दुसरी खोली चूक पकडणाऱ्या गणिताची. आपल्या सर्वांजवळ आधार कार्ड आहे. तें देशांत पहिल्यानें वाटलें गेलें तें २०१० च्या सप्टेंबरांत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवांत. त्या क्रमांकांत १२ आंकडे आहेत. त्यांतील शेवटला आंकडा माणसाचा नाहीं, पहारेकऱ्याचा आहे. आधींच्या ११ आंकड्यांवरून तो काढलेला असतो. लिहिणाऱ्याच्या हातून एक आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन आंकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जमत नाहीं आणि ही तपासणी ज्या यंत्रांत बसविली आहे तें यंत्र तो क्रमांक घेत नाहीं. तुम्ही म्हणाल, नुसती बेरीज करून हें होणार नाहीं काय? नाहीं होणार. २७ आणि ७२ यांच्या आंकड्यांची बेरीज एकच. म्हणून व्हर्हूफ नांवाच्या डच गणित्यानें १९६९ सालीं वेगळी युक्ति काढली. पुठ्ठ्याचा एक पंचकोन कापा. आधीं फिरवून मग उलटा केला तर त्याचे कोपरे एका जागीं येतात. आधीं उलटा करून मग फिरविला तर दुसऱ्याच जागीं येतात. क्रम बदलला कीं उत्तर बदलतें. हाच गुण आंकड्यांना लावला म्हणजे उलटसुलट झालेली जोडी लपूं शकत नाहीं. पंचकोनाचें असें गणित शंभर वर्षांपूर्वीं केवळ जिज्ञासेनें करीत. कोणी विचारलें असतें, याचा उपयोग काय, तर गणित्यानें हंसून दाखविलें असतें. आज तें शाळेच्या पटावरील पोराच्या क्रमांकावर पहारा करतें आहे. म्हणून "याचा उपयोग काय" म्हणून विद्येला दारांतून हांकलूं नका.

तिसरी खोली कूटलेखनाची, म्हणजे गुप्त लिखाणाची. तुम्ही भाजीवाल्याला मोबाईलवरून पैसे देतां. मध्येंच कोणी चोरानें तो निरोप वाचला आणि बदलला तर काय घ्या? तें होऊं नये म्हणून जीं कुलपें वापरतात त्यांतील एक फार प्रसिद्ध कुलूप १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं अमेरिकेंत घडविलें. त्याचें मर्म चौथीच्या पोराला सांगतां येतें. ८९ ला ९७ नीं गुणा. पाटीवर लगेच उत्तर येईल, ८६३३. पण मी नुसते ८६३३ सांगून विचारलें कीं, हे कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारानें झाले, तर तास मोडेल. गुणणें सोपें, फोडणें अवघड. संख्या ६१७ आंकड्यांची घेतली तर आजचीं मोठमोठीं यंत्रेंहि ती फोडूं शकत नाहींत. ज्या संख्यांना एक व ती संख्या स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें भाग जात नाहीं त्यांना आपण मूळ संख्या म्हणतों. कुलपाच्या दोन बाजू म्हणजे अशा दोन प्रचंड मूळ संख्या.

पण या खोलींतील सर्वांत मोठा धडा निराळाच आहे. १८८३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं जोतीराव असूड लिहीत होते त्याच वर्षीं, केर्कहॉफ्स नांवाच्या एका भाषापंडितानें फ्रान्समध्यें गुप्तलेखनाचा एक नियम मांडला. कुलपाची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी कुलूप टिकलें पाहिजे. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली, असा त्याचा आशय. आज जगांतील बहुतेक कूटलेखन या नियमावर उभें आहे. रीत छापून टाकतात, शेंकडों विद्वान् ती मोडावयास बसतात, आणि जी मोडत नाहीं तीच खरी मानतात. आतां आपल्याकडे पाहा! विद्या झांकून ठेवली, शूद्राच्या आणि बायकांच्या कानीं पडूं दिली नाहीं, म्हणजे ती पवित्र आणि सुरक्षित राहते, असें भिक्षुकशाहीनें शेंकडों वर्षें सांगितलें. गणितानें सिद्ध केलें कीं खरें याच्या उलट आहे. झांकलेली विद्या कुजते, उघडी विद्या टिकते. आणि कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहिलें आहे काय?

चौथी खोली मोठ्या आंकडेमोडीची, आणि तिचें आपल्या घरीं येणारें फळ म्हणजे पावसाचा अंदाज. हवेचा दाब, वारा, ऊन, ओल यांचे परस्परांशीं नियम ठाऊक आहेत. त्यांवरून उद्यांची हवा मोजून काढावी, ही कल्पना. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणित्यानें पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, फ्रान्समध्यें जखमी लोकांची गाडी हांकीत असतांना, हातानें हा हिशेब करून पाहिला. १९१० सालांतील एका दिवसाचे आंकडे घेऊन सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल तें त्यानें काढलें. उत्तर आलें १४५ मिलिबार. प्रत्यक्षांत दाब जवळजवळ हललाच नव्हता! आतां खरी गोष्ट पुढें आहे. त्यानें तें चुकलेलें उत्तर लपविलें नाहीं. १९२२ सालीं पुस्तक छापलें आणि त्यांत सारा हिशेब, सारी फजिती, जगापुढें मांडली. पुढच्या लोकांनीं तो हिशेब तपासला, तेव्हां कळलें कीं रीत बरोबर होती, आरंभीच्या आंकड्यांत बारीक खळबळ राहून गेली होती. त्या उघड्या फजितीवर आजचें हवामानशास्त्र उभें आहे. याला म्हणावें सत्यशोधन! आपल्या पंचांगांत काय असतें? अमक्या नक्षत्राचें वाहन हत्ती, तमक्याचें बेडूक, आणि त्यावरून पाऊस. बेडूक फसला तर त्याची फजिती कोणी कधीं छापली आहे काय? पुढल्या वर्षीं तेंच पंचांग आणि तीच दक्षिणा. इकडे पुण्यास पाषाणच्या हवामान संस्थेंत २०१८ सालीं 'प्रत्यूष' हें महासंगणक यंत्र बसलें, २०२४ सालीं 'अर्क' आलें, आणि २०२५ च्या मे महिन्यापासून ६ किलोमीटरच्या चौकटी पाडून देशभरच्या हवेचा हिशेब होऊं लागला. अंदाज अजून चुकतो. पण किती चुकला हें मोजलें जातें, आणि मोजलेली चूकच सुधारतां येते.

आतां पांचवी खोली, आणि येथें मला थोडें थांबावयाचें आहे. कारण आपल्या पोरांचें बरेंवाईट येथें ठरतें. हिचें नांव यंत्रशिक्षण. यंत्राला नियम सांगावयाचे नाहींत. जुने दाखले हजारोंनीं दाखवावयाचे आणि त्यांतून त्यानें स्वतः रीत काढावयाची. पोर जसें आईबापांचें पाहून शिकतें तसें. पण घरांत शिवीगाळ असली तर पोर काय शिकेल? यंत्राचेंहि तसेंच आहे. जुन्या दाखल्यांत जो अन्याय असेल तो यंत्र मुकाट्यानें शिकतें, आणि वर म्हणतें, हें गणित आहे, येथें पक्षपात नाहीं!

माझें म्हणणें अंदाजाचें नाहीं. २०१८ सालीं जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णी विदुषींनीं चेहरा पाहून स्त्री कीं पुरुष तें सांगणारीं, बाजारांतील तीन नामांकित यंत्रें तपासलीं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत अधिकांत अधिक चूक शेंकडा ०.८. सांवळ्या-काळ्या बायकांच्या बाबतींत ती शेंकडा ३४.७ पर्यंत! कारण उघड आहे. शिकवितांना यंत्राला दाखविले ते चेहरे बहुतेक गोऱ्यांचे. आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली? ज्यांचा चेहरा यंत्राला दिसत नव्हता त्यांच्या. हें वाक्य मनांत कोरून ठेवा. त्या दोघीजणी त्या विद्येच्या घरांत शिरल्या नसत्या तर ती चूक आणखी कित्येक वर्षें 'शास्त्र' म्हणून मिरवली असती.

दुसरी गोष्ट इंग्लंडांतील. २०२० सालीं कोरोनाच्या सांथीमुळें तेथील परीक्षा रद्द झाल्या. मग गुण द्यावयाचे कसे? मास्तरांकडून प्रत्येक मुलाचा अपेक्षित दर्जा आणि वर्गांतला क्रम मागविला, आणि परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल या संस्थेनें एक गणिती सूत्र त्यावर बसविलें. सूत्रांत मुख्य भार कशावर? त्या शाळेचा मागल्या वर्षांचा निकाल कसा होता यावर! म्हणजे मागें ज्या शाळेंत कोणी वरच्या दर्जांत आलें नव्हतें त्या शाळेंत यंदा हिरा निघाला तरी सूत्र त्याला ओळखीना. १३ ऑगस्टला निकाल लागले, आणि मास्तरांनीं दिलेल्या दर्जांपैकीं सुमारें शेंकडा ४० दर्जे खालीं आले. शिवाय जेथें वर्गांत मुलें अगदींच थोडीं तेथें सूत्र बाजूला ठेवून मास्तरांचाच दर्जा धरला होता. आणि लहान लहान वर्ग कोणाचे? श्रीमंतांच्या खाजगी शाळांचे. मुलें रस्त्यावर उतरलीं, ओरडलीं, आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला तें सूत्र मागें घ्यावें लागलें.

आतां सांगा, हें सूत्र तुम्हांला ओळखीचें वाटत नाहीं काय? "तुझ्या बापजाद्यांत कोणी शिकलें नाहीं, म्हणून तूंहि शिकणार नाहींस." हें वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों. मनुस्मृतींत तें संस्कृतांत होतें, तेथें तें बीजगणितांत लिहिलें गेलें, इतकाच काय तो फेर! सूत्र करणाऱ्यांच्या मनांत कपट होतें असें मी म्हणत नाहीं. पण कुळ पाहून गुण देणारी रीत जाणतां घडो वा नकळत घडो, जो खालीं ढकलला जातो त्याला लागणारी ठेंच तीच. एक गोष्ट मात्र त्या मुलांची घेण्यासारखी आहे. सूत्र काय आहे तें छापलेलें होतें, म्हणून त्यांना भांडतां आलें. न छापलेल्या सूत्राशीं कोण भांडणार?

आपल्याकडे रेशनच्या दुकानांत अंगठा उमटविण्याचें यंत्र असतें. ज्या बाईनें जन्मभर खुरपें धरलें, विटा वाहिल्या, तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. यंत्र म्हणतें, ही ती नव्हे! दोन ठसे किती जुळले म्हणजे एकाच माणसाचे मानावयाचे, ही मर्यादा माणूस ठरवितो. ती कडक केली तर खरा माणूस उपाशी राहतो, सैल केली तर खोटा घुसतो. कोणती चूक किती पत्करावयाची हा संगणन विभागांत संशोधनाचा विषय आहे, आणि तो जितका गणिताचा तितकाच न्यायाचा आहे. १८७५ सालीं आपला अंगठा घेऊन आपल्याला बुडविलें. आज अंगठा उमटत नाहीं म्हणून परत पाठवितात. आणि कचेरींत विचारावयास जावें तर उत्तर काय मिळतें? "सिस्टीम घेत नाहीं." पूर्वीं म्हणत, देवाच्या मनांत नाहीं. ही नवी भिक्षुकशाही आहे, बंधूंनो! सिस्टीम म्हणजे देव नव्हे. माणसानें लिहिलेलीं कलमें आहेत, आणि माणसानें लिहिलेलें माणसाला वाचतां येतें, तपासतां येतें, बदलतांहि येतें.

येथें कोणी म्हणेल, मास्तर, हें सारें मोठ्या डोक्याच्या लोकांचें काम. आपल्या पोरांच्या डोक्यांत कोठें शिरणार? या एका समजुतीनें आपलें जितकें नुकसान केलें तितकें दुष्काळांनींहि केलें नसेल. ऐका. नाशिकजवळ देवळाली येथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नांवाचे शाळामास्तर होते. बी. एस्‌सी. च्या पुढें पदवी नाहीं, विद्यापीठांत खुर्ची नाहीं. त्यांनीं १९४९ सालीं एक शोध जगापुढें ठेवला. चार आंकडी कोणतीहि संख्या घ्या, मात्र चारी आंकडे एकच नसावेत. आंकडे उतरत्या क्रमानें लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानें लिहून लहान करा, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हां तेंच करा. आपण सत्यशोधक समाजाचें साल घेऊं, १८७३. ८७३१ मधून १३७८ वजा केले, राहिले ७३५३. ७५३३ मधून ३३५७ गेले, राहिले ४१७६. ७६४१ मधून १४६७ गेले, राहिले ६१७४. आतां पुन्हां करून पाहा. ६१७४ च येतील. कोठूनहि निघा, सात पायऱ्यांच्या आंत याच मुक्कामीं येतां. आपल्या देशांत कित्येकांनीं या मास्तरांची थट्टा केली. पण १९७५ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित शास्त्रीय मासिकांत मार्टिन गार्डनरनें त्यांच्यावर लिहिलें, आणि आज ६१७४ ला जग कापरेकरांच्या नांवानें ओळखतें. खडू, फळा आणि जिज्ञासा, इतक्यावर हें झालें.

दुसरें उदाहरण. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं, हें झटपट आणि निःसंशय कसें ठरवावें, हा प्रश्न जगांतील गणित्यांपुढें पडून होता. २००२ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. च्या संगणक विभागांत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नीरज कयाल व नितिन सक्सेना हे दोन विद्यार्थी यांनीं तो सोडविला. ते विद्यार्थी नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले, तुमच्याआमच्या पोरांच्या वयाचे. त्यांची रीत इतकी सरळ होती कीं जगांतील मोठमोठे पंडित चकित झाले. मोठें डोकें म्हणजे काय, तर ज्याला कोणी "तुला जमणार नाहीं" असें सांगितलें नाहीं तें डोकें!

तेव्हां करावयाचें काय? शिक्षकबंधूंना माझी पहिली विनंति. गणिताचा तास छडीचा तास करूं नका. "असें कां?" असें विचारणारें पोर आगाऊ नव्हे, तेंच उद्यां नव्या चोपडीवर बोट ठेवणार आहे. पालकांना विनंति कीं, "आपल्या घराण्यांत गणित नाहीं" हें वाक्य पोरापुढें उच्चारूं नका. इंग्लंडांतील सूत्रानें जें केलें तेंच तुम्ही आपल्या हातानें करतां. मुलींच्या बाबतींत तर दुप्पट सांगतों. ज्या माउलीनें अंगावर शेण झेलून मुलींना शिकविलें, त्या सावित्रीबाईंचें नांव २०१४ सालीं पुणें विद्यापीठाला मिळालें. आपल्याला अभिमान वाटला, तो रास्तच. पण पाटीवर नांव चढलें म्हणून आंतल्या वर्गांत आपल्या मुली आपोआप जाऊन बसत नाहींत. दहावीनंतर तिचें गणित सोडवून लग्नाची घाई करणारा बाप सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालण्यास पात्र नाहीं. लग्नांतील एका जेवणावळीच्या खर्चांत पोरीचें एक वर्षाचें शिक्षण होतें. पंगतींत उष्टें टाकलेलें अन्न कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, शिकलेली मुलगी चार पिढ्यांच्या लक्षांत राहते.

आणि गांवाला माझी मागणी ही कीं, विचारावयास शिका. २००५ सालापासून माहितीचा अधिकार आपल्या हातीं आहे. आपल्या मंडळांत कापणीचे प्रयोग कोणत्या गांवीं, कोणत्या शेतांत झाले, वजन किती भरलें, उंबरठा कोणत्या वर्षांवरून धरला, हें अर्ज करून मागा, ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा, आणि शाळेंतल्या आठवीच्या पोरांकडून फळ्यावर हिशेब करवून घ्या. ज्या सूत्रानें शेतकऱ्याचें नशीब ठरतें तें सूत्र मराठींत, शेतकऱ्याला वाचतां येईल अशा अक्षरांत छापलें पाहिजे, असा ठराव करा. केर्कहॉफ्सचा नियम विसरूं नका. जी रीत उघड करावयास कचेरी भिते ती रीत पक्की नाहीं.

विद्यापीठांतील त्या खोल्यांना आज कुलूप नाहीं. दारावर कोणी सोंवळ्याचा पहारेकरीहि बसलेला नाहीं. पण दार उघडें असणें आणि आंत आपलीं मुलें असणें, यांत पुष्कळ अंतर आहे. फी, भाषा, दूरचें गांव, आणि सर्वांत मोठी म्हणजे आपलीच भीड, एवढ्या गोष्टी त्या अंतरांत उभ्या आहेत. सुप्याच्या लोकांना चोपडी जाळावी लागली, कारण त्यांच्या गांवीं ती वाचणारें एकहि पोर नव्हतें. आपल्या गांवीं असें पोर आज पाटी घेऊन बसलें आहे. त्याला हिशेब शिकवा, त्याला प्रश्न विचारूं द्या, आणि तो पुढें जाऊं लागला म्हणजे त्याचा पाय मागें ओढूं नका.